झुलू घरातली आठ गुरं कुणाला जास्त वाटतात?

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर क्वाझुलू-नाताल प्रांत आहे. तिथल्या ग्रामीण झुलू कुटुंबांवर जवळजवळ शंभर वर्षं एकच आरोप होत आला आहे: यांच्याकडे गुरं फार, ती हे विकत नाहीत, म्हणून डोंगर उघडे पडतात आणि माणसं गरीब राहतात. १९३२ साली ‘नेटिव्ह इकॉनॉमिक कमिशन’ या सरकारी आयोगाच्या अहवालाने हा आरोप सविस्तर मांडला. आफ्रिकी माणूस गुरांकडे श्रद्धेने बघतो, हिशेबाने बघत नाही, असा त्याचा सूर होता. पुढे १९३९ च्या ३१ क्रमांकाच्या फर्मानाने आफ्रिकी लोकांसाठी राखून ठेवलेल्या भागांतली गुरं मोजून ‘जादा’ ठरवण्याचा आणि ती कमी करायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली आणि भाषाही मवाळ झाली. गुरं कमी ठेवा, दर वर्षी ठरावीक वाटा बाजारात आणा, हा सल्ला मात्र बदलला नाही.

हा सल्ला चुकीच्या मापावर उभा आहे. व्यापारी पशुपालकाचा कळप मांसासाठी असतो, त्यामुळे त्याचं यश विकलेल्या किलोंत मोजता येतं. झुलू घरातलं गुरू दूध, शेणखत, नांगरट, लग्न, श्राद्धविधी आणि अडीनडीचा पैसा एवढी कामं करतं. विक्री ही त्यांतली एक बाब, आणि बहुतेक घरांत शेवटची. बाकीची कामं मोजायचीच नाहीत असं ठरवलं, तर कुठलाही कळप आळशी दिसेल.

आधी घर पाहू. झुलू वस्तीला उमुझी म्हणतात. एका कुटुंबाची घरं उतारावर अर्धवर्तुळात किंवा वर्तुळात असतात आणि मध्ये इसिबाया, म्हणजे गुरांचं वाडगं. त्याला छप्पर नसतं. काट्याकुट्याचं, लाकडी मेढींचं किंवा दगडाचं कुंपण, आणि तोंड बहुधा उताराच्या बाजूला. मुख्य घर वरच्या अंगाला, वाडग्याच्या तोंडाच्या विरुद्ध बाजूला. त्या घरात दाराच्या समोरचा, आतला कोपरा म्हणजे उम्सामो. ती पूर्वजांची, अमाड्लोझींची जागा. विधीचं मांस आणि ज्वारीची बिअर आधी तिथे ठेवतात. जुन्या काळी धान्याची पेवंही वाडग्याच्या जमिनीखाली खणत, कारण वर दाबून बसलेल्या शेणाच्या थरातून पाणी सहज झिरपत नसे. आज घरं सिमेंटच्या विटांची आणि पत्र्याची झाली आहेत, पण बऱ्याच ठिकाणी वाडगं मधोमधच आहे, आणि जुन्या पद्धतीच्या गोल घरात जमीन अजून शेणाने सारवतात. तिकडे त्याला उकुसिंदा म्हणतात. मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

दिवस पहाटे पाचच्या आसपास सुरू होतो. बाई चूल पेटवते, नळाचं किंवा झऱ्याचं पाणी आणते, मक्याच्या पिठाचा मोकळा, भुरभुरीत उफुथु शिजवते. पूर्वी गुरं सकाळी लवकर सुटत, दुपारच्या आत दूध काढायला परत येत, पुन्हा चरायला जात आणि सूर्यास्ताला वाडग्यात कोंडली जात. हे सगळं घरातली मुलं करत. १९९६ च्या शाळा कायद्याने ७ ते १५ वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, आणि ते योग्यच झालं. पण गुराखी गेला. आता दूध पहाटेच काढतात आणि गुरं डोंगराकडे हाकलून देतात. ती दिवसभर एकटी चरतात, मुलं दुपारी शाळेतून आली की शोधून आणतात. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते मार्च या उन्हाळ्यातच, शेतात मका, घेवडा, भोपळा, रताळी आणि अमादुंबे उभे असतात. अमादुंबे म्हणजे आपल्या अळूचेच कंद. अशा वेळी एकट्या सुटलेल्या गुराने रात्री उशिरापर्यंत घर गाठलं नाही, तर शेजाऱ्याच्या मक्याच्या दोन-तीन ओळी फस्त होतात आणि भांडण इंदुनाकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे जातं. कळप मोठा झाला म्हणून हे होत नाही. राखणारा उरला नाही म्हणून होतं. उपाय म्हणून गुरं विका म्हणणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

आता दूध. न्गुनी ही तिकडची देशी जात लहान चणीची आहे, मोठी गाय साधारण ३०० ते ४०० किलोची. वासरू लावल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. वासराला दोन-चार घोट पिऊ द्यायचं, मग बाजूला बांधायचं आणि दूध काढायचं, शेवटी एखादं सड वासरासाठी राखायचं. वासराचा वाटा सोडून माणसाच्या वाट्याला दिवसाला लिटर-दोन लिटर येतं, तेही हिरवं गवत असेपर्यंत. हे दूध ताजं क्वचितच पितात. ते आंबवून अमासी करतात. पारंपरिक भांडं म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. त्याच्या तळाशी छोटं भोक आणि त्याला बूच. आधीचं थोडं अमासी तळाला ठेवून त्यावर दूध ओततात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत दूध फाटून वर घट्ट दही आणि खाली निवळ होते. बूच काढून निवळ सोडली की वर अमासी उरतं. आज बहुतेक घरांत त्या जागी प्लॅस्टिकची बादली आली आहे. तिला तळाचं भोक नसल्यामुळे निवळ वरून ओतावी लागते आणि दही मोडतं. उफुथुवर अमासी हे मुलांचं जेवण असतं, नुसत्या मक्यात नसलेली प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून मिळतं. एका गायीचं दीड लिटर वर्षातले पाच महिने धरलं तरी सव्वादोनशे लिटर होतात. पशुगणनेच्या कागदात ही गाय ‘अनुत्पादक’ असते, कारण तिच्याकडून बाजारात काहीच आलेलं नसतं.

शेणाचा हिशेब याहून मोठा आहे. ३०० ते ३५० किलोचं जनावर दिवसाला सुमारे ३ किलो कोरडं शेण टाकतं. त्यातलं निम्मं रात्री वाडग्यात पडतं. आठ गुरांचं वर्षाकाठी ४ टनांच्या पुढे जातं. शेणखतात नत्र शेकडा एक-दीड धरलं, तर ४० ते ६० किलो नत्र झालं. पण यातलं बरंच वाया जातं, आणि इथे खरी सुधारणा शक्य आहे. उघड्या वाडग्यात ऊन अमोनिया उडवतं, पावसाचं पाणी उरलेलं उताराने धुऊन नेतं, कारण वाडग्याचं तोंडच खालच्या बाजूला असतं. हिवाळ्यात खणून, ढीग घालून, गवताने झाकून ठेवलेलं खत आणि नोव्हेंबरात थेट वाडग्यातून उपसून नेलेलं खत यांत मोठा फरक पडतो. कच्चं खत नेलं तर त्यातलं तणाचं बी शेतात उगवतं आणि खुरपणीचा एक फेरा वाढतो, तो बाईच्या वाट्याला येतो. शिवाय नेणं अवघड असतं. ४ टन म्हणजे एकचाकी हातगाडीच्या ६०-७० फेऱ्या, चढावर. म्हणून खत घराजवळच्या बागेतच पडतं आणि दूरचं शेत वर्षानुवर्षं उपाशी राहतं. पूर्वी दुबेळक्याच्या आकाराच्या ओंडक्याची घसरगाडी बैल ओढत. बैल गेले की खतही वाडग्यातच राहिलं.

बैलांबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ट्रॅक्टर आला, आता बैल कशाला, असं म्हणतात. एका फाळाच्या लोखंडी नांगराला तिकडच्या जड मातीत चार, कधी सहा बैल लागतात. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि नेमके तेव्हाच बैल सगळ्यात रोडावलेले असतात, कारण कोरड्या हिवाळ्याचे चार-पाच महिने नुकतेच संपलेले असतात. गवत फुटून बैलांच्या अंगात जोर येईपर्यंत तीन आठवडे जातात. भाड्याचा ट्रॅक्टर ही वाट चुकवील असं वाटतं, पण तो सगळ्या खोऱ्याला त्याच आठवड्यात हवा असतो. पाऊस पडल्यावर रांग लागते, डिझेल संपतं, फाळ तुटतो, आणि लहान तुकड्याचा मालक शेवटी राहतो. अर्ध्या हेक्टरच्या वाकड्यातिकड्या शेतासाठी ट्रॅक्टरवाल्याला वळणंच जास्त. मक्याची पेरणी डिसेंबरच्या मध्यापलीकडे गेली की कणीस भरायच्या वेळी पाऊस संपतो. घरचे चार बैल तीन आठवडे उशिरा का होईना, येतातच. त्यांना हप्ता नसतो, सुटे भाग लागत नाहीत, आणि काम संपल्यावर म्हातारपणी त्यांचं मोलही होतं.

मोलाचा विषय निघाला म्हणून बाजाराचं सांगतो. दक्षिण आफ्रिकेत मांसाची प्रतवारी जनावराच्या दातांवर ठरते. अदात, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेलं जनावर ‘ए’ वर्गात, एक-दोन दाती ‘एबी’त, तीन ते सहा दातांचं ‘बी’त, आणि त्यापुढचं, म्हणजे जुळलेलं, ‘सी’त. भाव याच क्रमाने उतरतो. सगळी साखळी आईपासून तोडलेल्या सात-आठ महिन्यांच्या वासरासाठी बांधलेली आहे: ते खाद्यतळावर जातं, तीन-चार महिने मका खातं आणि अदात असतानाच कापलं जातं. झुलू घरातलं जनावर बाजारात येतं तेव्हा सहा-सात वर्षांचं असतं, कारण तोवर ते दूध, औत नाहीतर वीण यात गुंतलेलं असतं. म्हणजे बाजार त्याला सगळ्यात खालच्या वर्गातच घेतो. त्यात गावात वजनकाटा नसतो. हेडे नजरेने भाव करतात, आणि पैसा तातडीने हवा असलेल्या बाईला किंवा म्हाताऱ्याला तो मानावा लागतो. याउलट शेजारच्या खोऱ्यात कुणाकडे अंत्यविधी असेल किंवा उमेमुलो, म्हणजे मुलगी वयात आल्याचा मोठा सोहळा असेल, तर तोच माणूस मोठा बैल किंवा ठरावीक रंगाची गाय जास्त भावाने घेतो. तिथे दात मोजत नाहीत. जनावराचं वय, अवयव अखंड असणं, रंग, शिंगं हे बघतात. झुलू भाषेत रंगांची आणि ठिपक्यांची शेकडो नावं आहेत. पाठीवर पांढरा पट्टा असलेली इन्कोने, चंडोलाच्या अंड्यासारखी ठिपकेदार अमाकांदा काहुये. ही नावं कवितेसाठी नाहीत. दूरच्या कळपातलं आपलं जनावर ओळखण्याची आणि सौद्यात नेमकं सांगण्याची ती भाषा आहे. असे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले सौदे आणि घरात कापलेली जनावरं सरकारी विक्रीच्या आकड्यात येत नाहीत. मग तो आकडा कमी दिसतो, आणि कमी दिसतो म्हणून उपदेश होतो.

साधं गणित करून बघा. एका घरात आठ गुरं धरा: तीन गाई, एक कालवड, दोन बैल, एक गोऱ्हा, एक वासरू. सामूहिक कुरणावरची गाय हिवाळ्यातल्या उपासमारीमुळे साधारण दोन वर्षांतून एकदा विते. म्हणजे तीन गाईंची वर्षाला दीड वेतं. त्यातलं एखादं वासरू गोचिडांनी, अतिसाराने किंवा थंडीत दगावतं. वर्षाला निव्वळ वाढ एका जनावराची. आता व्यापारी कळप बघा: निम्म्याहून जास्त गाईच, दहा गाईंना वर्षाला आठ वेतं, बैल-औत काही नाही. त्याने कळपाचा चौथा हिस्सा विकला तरी कळप तेवढाच राहतो. आठ गुरांच्या घराने चौथा हिस्सा, म्हणजे दर वर्षी दोन विकली, तर आठ वर्षांत वाडगं रिकामं होईल. पुढचं लग्न, पुढचा अंत्यविधी, पुढचा दुष्काळ मग कशाच्या जोरावर काढायचा?

लग्नाची गोष्ट तर सरकारनेच बांधून दिलेली आहे. वराकडून वधूच्या घरी जाणाऱ्या गुरांना लोबोला म्हणतात. साधारण समज असा की अकरा गुरं ही अनादी प्रथा आहे. पूर्वी हा आकडा घरानुसार, ऐपतीनुसार बदलत असे आणि फेडही वर्षानुवर्षं चाले. १८६९ मध्ये नाताल वसाहतीच्या प्रशासनाने, आफ्रिकी लोकांचा कारभार पाहणारा अधिकारी थिओफिलस शेपस्टन याच्या काळात, सामान्य माणसासाठी दहा गुरं असा नियम घातला. अकरावी गाय वधूच्या आईची. ती तिची स्वतःची मालमत्ता असते, वडिलांच्या कळपात धरत नाहीत. आज लोबोला बहुतेक रोख रकमेत ठरते. वाटाघाटी करणारे अबाखोंगी ‘एक गाय’ म्हणजे अमुक रँड असा भाव ठरवतात आणि तो बाजारभावाहून बराचदा कमी असतो. तरी आईची गाय जिवंतच आणावी असा आग्रह बऱ्याच घरांत असतो. आधी आकडा पक्का करायचा आणि नंतर तेवढी गुरं साठवली म्हणून दोष द्यायचा, हा न्याय मला मान्य नाही.

जमिनीबद्दलही हेच झालं. १९०२ ते १९०४ या काळात झुलूलँड सीमांकन आयोगाने झुलू प्रदेशाच्या सुमारे पाच भागांतले दोन गोऱ्या वसाहतकारांसाठी वेगळे काढले. त्यात किनारपट्टीवरची उत्तम जमीन होती, जिथे आज ऊस आहे. १९१३ च्या जमीन कायद्याने सगळ्या देशात आफ्रिकी लोकांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती वाढवून १३ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. जुनी झुलू गुरं ऋतूप्रमाणे जागा बदलत. उंचावरचं ‘आंबट’ गवत पावसाळ्यात कोवळं असताना चरायचं, ते हिवाळ्यात निःसत्त्व झालं की खालच्या काटेरी झुडपांच्या भागातल्या ‘गोड’ गवतावर उतरायचं. कुंपणं पडली आणि एका कुटुंबाकडे यातली एकच बाजू उरली. वर राहिलेल्यांची गुरं हिवाळ्यात हाडं दाखवतात, खाली राहिलेल्यांचं गवत पावसाळ्यातच संपतं. जमीन कापून घेतल्यावर उरलेल्या तुकड्यावर गुरं दाट दिसली, त्याला ‘अति गुरं’ असं नाव पडलं.

याचा अर्थ डोंगर बरे आहेत असा नाही. म्सिंगा, न्कुथु या भागांतल्या घळी कुणीही जाऊन पाहाव्यात. माती गेली आहे, ती परत येणार नाही. आणि दुसराही आक्षेप खरा आहे: आज ग्रामीण क्वाझुलू-नातालमधल्या पुष्कळ घरांकडे एकही गुरू नाही, आणि काहींकडे पन्नास-साठ आहेत. कुरण सगळ्यांचं असताना त्यातलं गवत मूठभर कळपांच्या पोटात जातं. पूर्वी उकुसिसा ही रीत हा फरक थोडा कमी करायची. श्रीमंत माणूस गरिबाकडे गुरं सांभाळायला देई, दूध आणि शेण सांभाळणाऱ्याचं, कधी एखादं वासरूही. आपल्याकडच्या अर्धलीने जनावर देण्यासारखंच. ती रीत अजून आहे, पण आटलेली. मोठ्या कळपाच्या मालकाने, जो बऱ्याचदा शहरात नोकरीला किंवा धंद्यात असतो, सामायिक गवतासाठी काही मोजावं, असा नियम गावाने केला तर मी त्याच्या बाजूने आहे. पण सरसकट ‘गुरं घटवा’ म्हटलं की आधी कुणाची घटतात? आठवाल्याची. पन्नासवाला ट्रक लावून दुसऱ्या कुरणावर नेतो.

खरी अडचण हिवाळ्यात आहे, आणि पैसा तिथे लागायला हवा. मे ते जुलैत मका खुडला की इंदुना शेतं उघडी झाल्याचं जाहीर करतो आणि सगळ्यांची गुरं सगळ्यांच्या शेतात शिरतात. मक्याची चिपाडं ऑगस्टपर्यंत पुरतात. त्यात प्रथिनं इतकी कमी असतात की गुरू पोटभर खाऊनही वाळतं, कारण पोटातल्या जंतूंना नत्र मिळत नाही आणि काडी पचतच नाही. इथे मीठ, युरिया आणि मळी किंवा मक्याच्या भरड्याचं चाटण कामाला येतं. दिवसाला गुरामागे सुमारे ४०० ग्रॅम, आठ गुरांना ९० दिवस, म्हणजे २८८ किलो, ५० किलोची जवळपास सहा पोती. एवढ्याने गाय हिवाळ्यात टिकली, तर दोन वर्षांऐवजी पंधरा-सोळा महिन्यांनी विण्याची शक्यता वाढते. पण चाटणाने गुरं मरतातही. पहिले दोन आठवडे थोडं थोडं देऊन सवय लावावी लागते, उपाशी गुरासमोर एकदम ठेवायचं नाही, आणि गव्हाणीला तळाशी भोकं व वर पत्रा हवाच. अवेळी पाऊस पडून गव्हाणीत पाणी साचलं, त्यात युरिया विरघळला आणि गुरू ते पाणी प्यायलं, तर तासाभरात आडवं होतं. सुधारणेच्या योजना पोती वाटतात आणि गव्हाण विसरतात. गवत जाळण्याचंही तसंच. जुन्या गवताचा थर जाळावाच लागतो, पण पहिल्या चांगल्या पावसानंतर. जुलै-ऑगस्टात हिरव्या कोंबाच्या लोभाने जाळलं की मुळं कोंबावरच खर्च होतात आणि पहिला जोराचा पाऊस उघडी माती नेतो.

दुसरी जागा म्हणजे डिप-टाकी. गोचिडांमुळे होणाऱ्या रोगांसाठी गुरांना औषधाच्या पाण्यातून पोहत न्यायचं. काँक्रीटची लांब, अरुंद, खोल टाकी, एका बाजूने उडी, दुसऱ्या बाजूने पायऱ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्याच्या तापाने, आणि त्याआधी १८९७ मध्ये बुळकांड्याने, झुलू कळप जवळजवळ पुसून टाकले होते. तेव्हापासून टाक्या आहेत. आज त्यात बहुधा अमिट्राझ हे गोचीडनाशक असतं. ते टिकावं म्हणून चुना घालतात. प्रत्येक गुरू अंगावर दोन-तीन लिटर पाणी घेऊन बाहेर पडतं. तेवढं पाणी आणि औषध दोन्ही भरलं नाही तर शेवटच्या शंभर गुरांना नुसती आंघोळ होते. टाकीतला गाळ काढला नाही तरी औषध त्यात बसतं. पावसाळ्यात फेरे चुकले की मोठ्या जातीचे गोचीड कासेला चिकटतात, त्यांची लांब सोंड खोल जखम करते, सड पिकून बंद होतं. दोन सडं गेलेली गाय दिसायला धडधाकट असते, तिचं वासरू मात्र उपाशी मरतं. पण दर आठवड्याला, वर्षभर बुडवणंही बरं नाही. न्गुनी वासरांना लहानपणी थोडे गोचीड चावले की रक्तमूत्रासारख्या रोगांशी त्यांची ओळख होते आणि ती पुढे टिकतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच जातीला सरकारने कमअस्सल ठरवून तिचे वळू खच्ची करायचं धोरण धरलं होतं. पुढे व्यापारी पशुपालकच तिच्या मागे लागले.

औषध वेळेवर येणं, टाकीची डागडुजी होणं, लाळ्या-खुरकुताची लस मिळणं हे सरकारचं काम आहे. २०२१ पासून उत्तर क्वाझुलू-नातालमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ येऊन गुरांच्या हालचालीवर निर्बंध आले. साथ आवरायला निर्बंध लागतातच. पण गुरांचे लिलाव थांबले की या घरांची बँकच बंद होते, आणि जानेवारीत मुलाच्या कॉलेज प्रवेशाचे पैसे उभे करायचा दुसरा मार्ग नसतो. ज्या सरकारने कालपर्यंत विका म्हटलं तेच आज विकू नका म्हणतं. मग मधल्या काळात जवळच्या कत्तलखान्यात ठरल्या भावाने, वजनावर खरेदीची सोय करायला हवी.

दुष्काळात काय करायचं यावर महाराष्ट्राचा अनुभव कामाचा आहे. २०१५-१६ मध्ये क्वाझुलू-नातालच्या उत्तरेला भयंकर दुष्काळ पडला, हजारो गुरं मेली. शेतकऱ्यांना सल्ला मिळाला की वेळेत विका. सगळ्यांनी एकदम विकायला काढली की भाव पडतो, आणि पाऊस आल्यावर तीच गाय दुपटीने घ्यावी लागते. त्याच वर्षी मराठवाड्यात सरकारने चारा छावण्या उघडल्या. छावण्यांत घोटाळ्यांच्या तक्रारी झाल्या, तो भाग वेगळा. पण मूळ विचार बरोबर होता: वैरण जनावरापर्यंत न्यायची, कारण एकदा मोडलेली दावण पुन्हा उभी राहत नाही. उसाचं वाढं आणि मळी क्वाझुलू-नातालच्या किनाऱ्यावर भरपूर आहे, दुष्काळी खोरी तिथून दीड-दोनशे किलोमीटरवर. ट्रकच्या भाड्याचा प्रश्न आहे, गवताचा नाही.

शेवटी हक्काचा मुद्दा. प्रांताची सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टच्या नावावर आहे आणि झुलू राजा तिचा एकमेव विश्वस्त. १९९४ च्या निवडणुकीच्या तोंडावर हा कायदा झाला. ट्रस्टच्या मंडळाने लोकांच्या जुन्या वहिवाटीच्या परवान्यांऐवजी भाडेपट्टे लादले. जून २०२१ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि घेतलेलं भाडं परत करायला सांगितलं. निकाल उत्तमच. पण परवाना काय, पट्टा काय, दोन्ही घराच्या आणि शेताच्या तुकड्यापुरते. कुरणाचा कागद कुणाकडेच नाही. १९९६ चा अनौपचारिक जमीन हक्कांच्या तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा वापराचा हक्क मानतो, पण तो दर वर्षी मुदत वाढवून चालवला जातो. खाण किंवा पर्यटनाचं हॉटेल आलं की डोंगर ‘मोकळा’ धरला जातो. गावाच्या कुरणाची हद्द, कुठल्या वस्तीची गुरं कुठे आणि कुठल्या महिन्यांत जातात, याची नोंद आधी व्हायला हवी. डोंगराचा एक तुकडा पूर्ण हंगाम राखून ठेवणं, फिरतं चरणं, या चांगल्या गोष्टी त्यानंतर जमतील. आपल्या नावावर नसलेलं गवत कोण राखून ठेवील?

आणि नोंद कुणाच्या नावाने, हेही आताच ठरवावं. जुन्या झुलू संहितेत कुटुंबाची सगळी मालमत्ता नवऱ्याची होती. २००८ मध्ये संविधान न्यायालयाने गुमेडे खटल्यात ती तरतूद रद्द केली. त्याआधी २००४ मध्ये फक्त थोरल्या पुरुषाला वारसा देणारा नियमही गेला. डिप-टाकीच्या वहीत मात्र बहुधा अजून पुरुषाचंच नाव असतं, मग तो डर्बनला असो, जोहान्सबर्गला असो किंवा वारलेला असो. गुरं टाकीवर आणते, चाटण घालते, चोरीची तक्रार द्यायला पोलिसांकडे जाते ती घरची बाई, आणि तिला विकायचं असेल तर कागद नसतो. वासरू सहा महिन्यांचं झाल्यावर डागताना जास्तीत जास्त तीन अक्षरांची नोंदलेली खूण लागते. ती खूण नवरा-बायको दोघांच्या नावाने देता यावी, आणि विधवा सुनेला दिराच्या सहीशिवाय आपलं जनावर बाजारात नेता यावं. कायदा बदलून सतरा-अठरा वर्षं झाली, वहीचा रकाना अजून एकाच नावाचा आहे.